मेळ्यातला ‘४८ मेगापिक्सेल’ कॅमेरा

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा माधवराव शिंद्यांच्या काळात, १९०५ साली सुरू झाला, आणि शहराच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातील मराठी घरांत आजही मिक्सरपासून मोटारीपर्यंतची खरेदी ‘मेळा लागला की बघू’ असे म्हणून पुढे ढकलली जाते. नामांकित कंपन्यांची दालने तेथे येतात, त्यामुळे ही सवय अगदीच निराधार नाही. परंतु त्याच गर्दीत काही हंगामी दुकानेही थाटलेली असतात, ज्यांचा मालक आणि पत्ता मेळा उठल्यावर शोधूनही सापडत नाही. अशा एका दुकानातून आमच्या घरी आलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचा अनुभव येथे तपशिलाने लिहीत आहे, कारण तसाच खोका मी त्यानंतर ओळखीच्या आणखी काही घरांत पाहिला आहे.

घरात मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला, हा प्रश्न आम्हालाही अनेकांनी विचारला. मुलीच्या शाळेच्या सहलीत मोबाइल नेण्यास मनाई आहे, आईला पडद्यावर बोट फिरवण्यापेक्षा दाबायचे बटण बरे वाटते, आणि माघात पुतण्याची मुंज ठरलेली होती. सात हजारांच्या आत, कोणालाही हाताळता येईल असा साधा कॅमेरा हवा होता.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘४८ मेगापिक्सेल’, ‘४के व्हिडिओ’, ‘१६ एक्स झूम’ असे छापलेले होते आणि ६४ जीबीचे कार्ड मोफत होते. छापील किंमत १४,९९९ रुपये, मेळ्याचा भाव ६,५००. “भाईसाहब, ये सिर्फ़ मेले का रेट है, बाड़े पे इतने में खाली डिब्बा मिलेगा,” असे विक्रेत्याने ऐकवले; बाडा म्हणजे शहरातली मुख्य बाजारपेठ. त्याने दाखवायच्या कॅमेऱ्यावर जी छायाचित्रे दाखवली ती उत्तम होती, मात्र ती आमच्यासमोर काढलेली नव्हती. कार्डावर आधीपासून होती. शिवाय ती पाहायची तीन इंचांहूनही लहान पडद्यावर, जेथे कोणतेही छायाचित्र रेखीवच दिसते. आम्हाला मिळाला तो सीलबंद खोका, आणि सील तोडल्यास माल परत घेतला जाणार नाही, अशी सूचना मागे टांगलेली होती.

या फसवणुकीची खरी मेख अशी की खोक्यावरचा कोणताही आकडा सरळसरळ खोटा ठरवणे कठीण असते. ४८ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ८००० गुणिले ६००० बिंदूंचे चित्र, आणि कॅमेऱ्यातून तेवढ्या मापाची फाइल खरोखर बाहेर येते. प्रकाश टिपणारा सेन्सर मात्र ५ किंवा ८ मेगापिक्सेलचा असतो आणि उरलेले बिंदू आतली चिप शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरते. सेन्सर ८ मेगापिक्सेलचा धरला तर चित्रातील दर सहा बिंदूंपैकी पाच रचलेले असतात. आमच्या मुंजीची छायाचित्रे नया बाजारातील लॅबमध्ये छापायला दिली तेव्हा तेथील अनुभवी गृहस्थांनी संगणकावर एक चेहरा मोठा करून दाखवला: भुवया, शेल्याची जर आणि मागची भिंत, सारेच पाण्यात भिजलेल्या रंगासारखे एकमेकांत मिसळलेले होते. वास्तविक घरच्या गरजेला एवढे आकडे लागतच नाहीत. ६ गुणिले ४ इंचांच्या चांगल्या छपाईला १८०० गुणिले १२०० बिंदू, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलहूनही कमी, पुरेसे होतात. ए-४ आकाराला सुमारे पावणेनऊ.

झूमची गोष्ट याहून वाईट आहे. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे पुढेमागे सरकून दूरची वस्तू खरोखर जवळ आणतात. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे. १६ पट डिजिटल झूम केल्यावर लांबी आणि रुंदी दोन्ही सोळांनी भागल्या जातात, म्हणून ८००० बिंदूंचे ५०० उरतात आणि संपूर्ण चित्राचा २५६वा भाग तेवढा हाती लागतो. खोक्यावर ‘डिजिटल’ हा शब्द होता, पण तळाशी आणि इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा लावूनही तो शोधावा लागला. आमच्या कॅमेऱ्याचे भिंग तर सुरू केल्यावर पुढे येतच नव्हते आणि त्याला ऑटोफोकसही, म्हणजे अंतर पाहून चित्र आपोआप स्पष्ट करण्याची सोयही, नव्हती. त्यामुळे चार पावलांवरचा माणूस बरा दिसे आणि जवळ बसलेला बटू अस्पष्ट. फ्लॅशच्या जागी एक लहानसा एलईडी दिवा होता, ज्याच्या उजेडात हललेला हात रेघ होऊन उमटतो.

हे सारे सोसता आले असते, परंतु मोफत मिळालेल्या कार्डाने जे केले ते भरून येण्यासारखे नाही. अशा बनावट कार्डातील कंट्रोलरमध्येच, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपमध्येच, खोटी क्षमता लिहिलेली असते, त्यामुळे कॅमेरा आणि संगणक दोघेही निमूटपणे ६४ जीबी दाखवतात. आतली खरी जागा संपल्यावरही फाइलींची नावे आणि मापे नोंदली जात राहतात. मजकूर मात्र कोठेच साठत नाही किंवा जुन्यावर लिहिला जातो. मातृभोजनापर्यंतची छायाचित्रे शाबूत राहिली. मंगलाष्टकांपासून पुढची अर्धी राखाडी होती आणि भिक्षावळीतील एकही उघडले नाही. नंतर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाच्या मोफत प्रोग्रामने कार्ड काठोकाठ भरून परत वाचले, तेव्हा खरी जागा ८ जीबीच निघाली. नवे कार्ड, मग ते कितीही प्रतिष्ठित दुकानातून आणलेले असो, कार्यापूर्वी असे भरून पाहावे. वेळ लागतो, पण रात्री लावून ठेवता येते.

तक्रार करायची वेळ आली तेव्हा हातात होती एक कच्ची चिठ्ठी: ‘कैमरा १ नग, ६५००’. जीएसटी क्रमांक नाही, मॉडेल नाही, कॅमेऱ्याचा अनुक्रमांक नाही. एक वर्षाची वॉरंटी होती, पण ती दुकानाची, आणि दुकान मेळ्याबरोबर उठलेले. यूपीआयने दिलेले पैसे दुकानाच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या नावावर गेलेले दिसले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली गेली, परंतु समोरच्या पक्षाचा पत्ताच नसल्यामुळे ती तेथेच अडली. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत असणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आवश्यक आहे. आमच्या खोक्यावर यांपैकी केवळ किंमत होती. अनेकांना ठाऊक नसते की बिल न देणे हीदेखील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि ‘विकलेला माल परत नाही’ अशी पाटी लावल्याने सदोष माल परत घेण्याच्या जबाबदारीतून दुकानदार सुटत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, व वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. म्हणून दुकानाच्या पाटीचा आणि क्रमांकाचा फोटो पैसे देण्यापूर्वीच काढून ठेवावा.

दुकानात उभ्याउभ्या करता येण्याजोगी सर्वांत खात्रीची तपासणी भिंगाभोवतीच्या कडीवर असते. नावाजलेल्या कंपन्यांच्या साध्या कॅमेऱ्यांवर तेथे ‘५.०–४०.० मिमी’ अशासारखे आकडे कोरलेले असतात. मोठ्याला लहानाने भागले की खरा झूम निघतो, येथे आठ पट. एकच आकडा असेल तर झूम नाही, मग खोका काहीही म्हणो. ऑटोफोकस आहे की नाही हे कळण्यासाठी बटण अर्धे दाबल्यावर भिंगाची हालचाल जाणवते का आणि पडद्यावर हिरवी चौकट येते का, हे पाहावे. बॅटरीवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा, तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. स्वतःचे कार्ड नेऊन त्यावर दोन छायाचित्रे काढू द्या, असे सांगावे. ज्या दुकानात याला नकार मिळतो तेथे पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही.

स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची जागा मोबाइलने घेतल्यामुळे चांगल्या कंपन्यांचे या किमतीतले नवे नमुने आता फारच थोडे मिळतात, आणि ती पोकळी असल्या खोक्यांनी भरली आहे. आम्ही अखेर दौलतगंजातील एका छायाचित्रकाराकडून त्याचा वापरलेला, आठ पट ऑप्टिकल झूमचा २० मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला. भिंग न अडखळता आतबाहेर होते का, बॅटरी फुगलेली नाही ना आणि पांढऱ्या भिंतीच्या छायाचित्रात धुळीचे ठिपके दिसतात का, एवढे पाहिले. चिठ्ठीवर त्याने स्वतःचे नाव, पत्ता आणि कॅमेऱ्याच्या तळावरचा अनुक्रमांक न मागता लिहून दिला.