अनयुज्युअल ऑप्शन अलर्टवालं ॲप: तीन महिने पैसे भरून वापरलं, त्याचा अनुभव

ॲपचं नाव घेत नाही, ही सगळी ॲप्स उन्नीस-बीस सारखीच असतात. पण महिन्याला हजारेक रुपये भरून तीन महिने वापरलंय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. काम एवढंच की एनएसईच्या स्टॉक ऑप्शनमध्ये (ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा किंवा विकायचा हक्क देणारे करार) एखाद्या स्ट्राइकला (म्हणजे त्या ठरलेल्या भावाला) रोजच्यापेक्षा भलतंच व्हॉल्यूम आलं, आधीच्या ओआयच्या (ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेले करार) कितीतरी पट झालं, की फोन टुंग वाजतो. मग आपण समजायचं की कुणीतरी मोठा हात आत शिरलाय.

आधी चांगलं सांगतो. स्पीड मस्त आणि फिल्टर एकदम भारी. इंडेक्स काढून टाकता येतो (ते आधी करा, नाहीतर मंगळवारी निफ्टीच्या एक्सपायरीला (करार संपायच्या दिवशी) फोन फेकून द्यावासा वाटतो), प्रीमियम (ऑप्शनसाठी मोजलेली किंमत) किमान किती कोटींचा हवा तेही ठरवता येतं. माझ्यासारख्या नोकरीवाल्याला मीटिंगमध्ये बसून दोनशेएक शेअर्सची ऑप्शन चेन (सगळ्या स्ट्राइकचा तक्ता) बघणं शक्यच नाही.

आता खरी गोम. कॉलमध्ये (शेअर घ्यायचा हक्क देणाऱ्या ऑप्शनमध्ये) व्हॉल्यूम आलं की हिरव्या अक्षरात 'बुलिश' लिहून येतं. अहो पण कॉल घेणारा असतो तसा विकणाराही असतोच की! आपल्याकडे कॉलचा ओआय वाढला की अर्धे लोक म्हणतात वर रायटर (ऑप्शन विकणारे) बसलेत, शेअर अडकणार, आणि हे म्हणतं तेजी. धूर दिसतो, चूल कुणाची ते कळत नाही. ओआयबरोबर प्रीमियम आणि आयव्हीपण (शेअर किती हलेल याचा बाजाराचा अंदाज) चढतोय का हे बघितलं तर थोडा अंदाज येतो, ओआय घटून प्रीमियम चढला तर बहुतेक शॉर्ट कव्हरिंग, म्हणजे आधी विकलेले परत विकत घेऊन बाहेर पडतायत. अमेरिकेत ओआयचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून तिथे दिवसभर व्हॉल्यूमवरूनच तर्क लढवावा लागतो, पण इथे तर बाजार चालू असतानाच ओआय अपडेट होतो, तरी ॲपवाल्यांनी तिकडचाच नियम उचलून आणलाय.

माझे हात कुठे पोळले ते सांगतो. एका बँकेच्या रिझल्टच्या आदल्या दिवशी लागोपाठ दोन अलर्ट आले, दोन्ही बुलिश, मी लगेच एक लॉट (ठरावीक शेअर्सचा गठ्ठा) कॉल उचलला. दुसऱ्या दिवशी शेअर दीड टक्का वर आणि माझा कॉल लाल! रिझल्ट लागला आणि आयव्ही धाडकन पडला, त्याबरोबर कॉलचा प्रीमियमही. रात्री नीट बघितलं तर दोन्ही अलर्ट एकाच मिनिटाचे, लॉटही तेवढेच, फक्त स्ट्राइक वेगळे, म्हणजे बहुतेक कुणीतरी खालचा कॉल घेऊन वरचा विकला होता. त्याला फार मोठी उडी अपेक्षितच नव्हती, आणि आयव्हीचा फटका त्याने वरचा कॉल विकून बराचसा कापून घेतला होता. मी मात्र नुसता कॉल कवटाळून बसलो. ॲपला स्प्रेड (असा एक घेऊन एक विकायचा जोडसौदा) ओळखता येत नाही, पण जाहिरातीत 'स्मार्ट मनी' मोठ्या अक्षरात.

अजून एक, एक्सपायरीला दोन दिवस राहिलेले असतानाही स्टॉक ऑप्शनचे अलर्ट बिनधास्त येतात. स्टॉक ऑप्शनमध्ये फिजिकल सेटलमेंट असते, आयटीएम (इन द मनी, म्हणजे स्ट्राइकच्या फायद्याच्या बाजूला असलेली) पोझिशन ठेवली तर अख्ख्या लॉटची डिलिव्हरी गळ्यात पडते, याचा साधा उल्लेख नाही. सेबीने 2024 मध्येच सांगितलंय की एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये) तीन वर्षांत 100 पैकी 93 छोटे ट्रेडर तोट्यात गेले, त्यातले किती असल्या हिरव्या अक्षरांना भुलले असतील देव जाणे.

नवीन असाल तर पैसे भरू नका. एनएसईच्या साइटवर ऑप्शन चेन आणि ओआय स्पर्ट्स (ओआय अचानक वाढलेल्यांची यादी) फुकट आहेत, महिनाभर संध्याकाळी तेच बघा. मी वार्षिक प्लॅन घेतला नाही, रिझल्टच्या महिन्यात तेवढा मंथली चालू करतो, अलर्ट आला की चार्ट आणि बातमी बघून पटलं तर ऑप्शन नाही, कॅशमध्येच (थेट) शेअर घेतो. पाचपैकी अडीच स्टार, अर्धा फक्त त्या फिल्टरसाठी.