लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे': काही महिने हाताशी ठेवल्यावर

'स्मृतिचित्रे' हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र शाळेतल्या धड्यापुरतं माहीत असणं वेगळं आणि सगळे भाग सलग वाचणं वेगळं. धड्यात त्यांचे लहरी, उधळ्या हाताचे यजमान, कवी नारायण वामन टिळक भेटतात, आपण हसतो आणि पान उलटतो. मंडळीच्या (चर्चच्या) महिला सभेत किंवा घरी, काही महिने प्रकरण-प्रकरण करत मोठ्याने वाचलं की बाई हसवताना स्वतःबद्दल काय काय कबूल करून जातात ते दिसू लागतं. एका बैठकीला एकच प्रकरण पुरे. दोन घेतली की चर्चा विनोदावरच संपते.

सभेत हमखास होणारी चूक म्हणजे थेट लक्ष्मीबाईंचा 1900 सालचा बाप्तिस्मा उघडणं. 'यात साक्ष, म्हणजे विश्वासाकडे कसं वळलो याची कबुली, कुठे आहे?' हा प्रश्न मग येतोच. साक्ष पहिल्या पानांपासून सुरू झालेली असते. 1857 च्या बंडात लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या, नानांच्या, सासऱ्यांना फाशी झाली आणि नानांचं सोवळं वेडाच्या टोकाला गेलं. त्या धुण्या-शिंपडण्यात सगळं घर गांजलं. हे सोसलेलीच मुलगी पुढे नगरला स्वतःचं सोवळं घट्ट धरून बसते. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 चा. त्यानंतरची ताटातूट संपवून ती नवऱ्याकडे येते, पण चूल वेगळी आणि पाणी वेगळं. दुसऱ्याच्या हातच्या पाण्याची तेव्हा वाटणारी किळस ती जशीच्या तशी लिहिते. पुढे ख्रिस्ती झालेल्या बाईला ही पानं गाळता आली असती, निदान दोन ओळींचा पश्चात्ताप जोडता आला असता. तसं काहीच केलेलं नाही.

मग एक दिवस प्रश्न पडतो: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर सापडतं आणि ती कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार होते. आधी शिवाशीव गेली, बाप्तिस्मा नंतर आला. पाप, प्रकाश, शांती हा साक्षीचा ठरलेला क्रम इथे शोधू नये. हे दोन टप्पे, म्हणजे नानांचं सोवळं आणि नगरची वेगळी चूल, लागोपाठच्या बैठकींत घ्या. अख्ख्या पुस्तकातली सगळ्यात चांगली चर्चा तिथे होते.

दुसरा प्रामाणिकपणा संसाराचा. नवऱ्याला ती सरळ 'टिळक' म्हणते. त्यांचा राग, न सांगता निघून जाणं, हातातले पैसे वाटून टाकणं, काहीच झाकत नाही. बाप्तिस्म्यानंतरही खटके उडतच राहतात. टिळकांना संत मानणाऱ्या वाचकांना हे खुपतं. खुपू द्यावं, कारण त्यांच्यावरचं तिचं प्रेमही त्याच भांडणांतून कळतं.

अडचणीही आहेत. तारखा फार कमी आणि माणसं ओळख न करून देता आत येतात. वडील 'नाना' आणि बहीण भिकुताईंचे यजमान 'नानासाहेब' पेंडसे, यांची गल्लत बहुतेकांची होते. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने गोखले (माहेर), टिळक (सासर), पेंडसे (बहिणीचं घर) अशा तीन घरांची नावं लिहून ठेवावीत. कराचीकडची पानं मला आधीच्या मानाने विरळ वाटतात; सभेत ती भरभर घेतली तरी चालतं.

आवृत्ती बघून घ्या. संक्षिप्त आवृत्तीत घटनाक्रम कळतो, पण या पुस्तकाचा जीव स्वयंपाकघरातल्या बारीकसारीक तपशिलात आहे आणि संक्षेपात आधी कात्री लागते ती अशाच मजकुराला. नातू अशोक टिळकांनी संपादित केलेली टिपांसह आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी, माणसं आणि संदर्भ लावायला सोपं जातं. मराठी न वाचणाऱ्या मुला-नातवंडांसाठी इंग्रजीत जोसेफिन इंकस्टर यांचा 1950 चा आणि शांता गोखले यांचा 2017 चा अनुवाद आहे. दोघांतला गोखल्यांचा आधी द्यावा.