कनेक्टरचं सील: रबर घ्यावं की ग्रॅफाइट?

समुद्रतळावरची गॅस लाइन दुरुस्त करायला वेल्डिंगऐवजी मेकॅनिकल कनेक्टर (पाइपला बोल्टने आवळून बसवायचा सांधा) घ्यायचं ठरलं असेल, तर पुढचा वाद त्यातल्या गळती रोखणाऱ्या सीलचा. पकड, बोल्ट, दोन सीलमधला टेस्ट पोर्ट (गळती तपासायचं छिद्र) हे रबर आणि ग्रॅफाइट दोन्हींत जवळपास सारखंच, ते सोडून देतो.

आधी रबर, कारण डायव्हरांचा कल तिकडेच असतो. पाइप थोडा अंडाकृती असला, कोटिंग काढताना ओरखडा उठला, तरी रबर सांभाळून घेतं. ग्रॅफाइट नखरेल. त्याला आवळायला जोर जास्त लागतो, आणि सील बसतं तिथला सीम वेल्डचा (पाइप बनवतानाच्या जोडाचा) उंचवटा घासून पाइपच्या पातळीत आणावा लागतो. मुंबई हायच्या बाजूला, पावसाळा तोंडावर आलेला असताना हे घासकाम करून घ्यायची वेळ आली, तेव्हा ग्रॅफाइटला मनसोक्त शिव्या घातल्या. शिवाय समुद्राच्या पाण्यात ग्रॅफाइटला टेकलेलं पोलाद लवकर गंजतं, म्हणून कॅथोडिक प्रोटेक्शनचं (विद्युतप्रवाहाने गंज रोखण्याचं) गणित चोख हवं.

तरीही माझा काटा ग्रॅफाइटकडे झुकला तो कागदांमुळे. ओआयएसडीपुढे (तेल उद्योग सुरक्षा संचालनालयापुढे) जाण्याआधी त्रयस्थ तपासनीस विचारतोच, ‘हे २५ वर्षं टिकेल कशावरून?’ रबराचं उत्तर असं: चढत्या तापमानांवर नमुने मुरवत ठेवायचे, गुणधर्म किती घसरले ते आलेखावर मांडायचं आणि रेघ २५ वर्षांपर्यंत ओढायची. तेल-वायू उद्योगातल्या रबरासाठीच्या आयएसओ २३९३६-२ या मानकाचा रस्ता साधारण हाच. लाइन गॅसची, म्हणून दाब झपकन उतरल्यावर रबर आतून फुगून चिरत नाही, हेही दाखवायचं. एवढं सगळं करून आम्ही रिपोर्ट बांधला, आणि पुरवठादार म्हणाला, कंपाउंडची (रबराच्या मिश्रणाची) रेसिपी ‘किंचित’ बदलली आहे. किंचित म्हणजे किती? तर ते गोपनीय. ज्या रबराची चाचणी झाली ते आता बनतच नव्हतं. चाचण्या पहिल्यापासून, आणि कामाचा हंगाम गेला.

लाइन थंड तेलाची असेल आणि पुरवठादार रेसिपी न बदलण्याचं लेखी देत असेल, तर रबर घ्यायला माझी ना नाही. ग्रॅफाइटलाही परीक्षा चुकत नाही. आवळलेला ताण काळानुसार किती ढिला पडतो, ते दाखवावंच लागतं. पण पाइपलाइनच्या तापमानाला ते रबरासारखं म्हातारं होत नाही. पुढच्या कामात ग्रॅफाइट होतं. त्याच तपासनीसाने मुख्यतः पाइपच्या पृष्ठभागाबद्दल विचारलं. मी डायव्हरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. चहा यायच्या आत विषय संपला.