आमच्या सोसायटीची 'रिन्यू' झालेली पॉलिसी

रत्नागिरीत आमची १६ फ्लॅटची सोसायटी आहे. मी तिचा खजिनदार. बँकेत ३१ वर्षं काढलेला माणूस असा फसतो कसा, असं ज्यांना वाटेल त्यांनी आधी हसून घ्यावं.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची घरं उघडी पाडली, तेव्हा आम्हाला इमारतीच्या विम्याची आठवण झाली. ऑगस्टमध्ये पॉलिसी घेतली आणि गच्चीवरची पत्र्याची शेड मुद्दाम तीत लिहून घेतली. एजंट आमच्याच आळीतला. पहिली तीन वर्षं पॉलिसी खरी होती, आणि घात झाला तो त्यामुळेच.

चौथ्या वर्षी तो म्हणाला, "काका, चेकला वेळ जातो. माझ्या नंबरवर टाका, मी आजच भरतो." मी १८,४०० रुपये पाठवले. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पॉलिसी आली. सोसायटीचं नाव बघितलं, रक्कम बघितली, प्रिंट काढून फाइलला लावली.

पुढच्या जूनमध्ये एका रात्री वाऱ्याने अकरा पत्रे उचलले. दोन शेजारच्या माडात अडकले, बाकीचे पार्किंगमध्ये. कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने नंबर दोनदा विचारला आणि म्हणाली, "सर, ही तर गेल्या ऑगस्टमध्येच संपलीय."

मग भिंग घेऊन बसलो. कागद जुनाच, फक्त तारखा बदललेल्या. वर्षाचा आकडा बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड आणि ओळीच्या केसभर खाली. आधीच्या तिन्ही वर्षी पॉलिसी नंबर वेगवेगळे होते, हा मात्र गेल्या वर्षीचाच. कोपऱ्यातला क्यूआर कोड नातवाने स्कॅन केला तर जुनी पॉलिसी उघडली. दहा सेकंदांचं काम, दहा महिन्यांत मला सुचलं नाही.

कंपनीने हात वर केले. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार प्रीमियम मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, आणि आमचे पैसे गेले होते एका माणसाच्या मोबाइल नंबरवर.

सभेत व्हायचा तो दंगा झाला. त्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "आणि माझ्या भिजलेल्या गाद्या? टीव्ही?" तेव्हा कळलं, की पॉलिसी खरी असती तरी त्यांना काही मिळालं नसतं. सोसायटीने उतरवला होता तो इमारतीचा आणि सामाईक वस्तूंचा विमा. फ्लॅटच्या आतलं सामान ज्याचं त्याने बघायचं. एजंट मात्र चारही वर्षं "सगळं कव्हर आहे" म्हणत होता. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आहे. तीत स्वतःच्या घराच्या बांधकामाचा विमा काढला, की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरसामानही आपोआप येतं. आमच्या १६ जणांपैकी एकानेही ती घेतलेली नव्हती.

आता चेक कंपनीच्या नावाने जातो आणि कोड मी स्वतः स्कॅन करतो. पत्र्यांसाठी प्रत्येक फ्लॅटकडून वर्गणी काढली. ती मागायला दारोदार मीच फिरलो. पोलिसांत अर्ज दिला तेव्हा एजंट घरी आला, माझ्या पाया पडला, पाच हजार टेबलावर ठेवले. उरलेले आंब्याच्या सीझनला देतो म्हणाला.

सीझन आला, गेला. यंदा फळ कमी धरलं, म्हणतो.