डुकरं हाकायला घेतलेला बायबलचा स्पीकर: 'संदेष्टे' फोल्डरचा रिव्ह्यू

तर भाऊ, आधी वस्तू काय आहे ते सांगतो. हातात मावेल एवढा स्पीकर, पाठीवर बारकीशी सोलर प्लेट, बाजूला टॉर्च, आत मेमरी कार्ड अन् त्यात अख्खं बायबल मराठीत वाचून ठेवलेलं. परतवाड्याच्या बाजारात साडेसहाशेले भेटला. कंपनीचं नाव टाकत नाही कारण पुढे थोड्या शिव्या पण आहेत.

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी गजानन महाराजांचा फोटो. पण हरभऱ्यात डुकरं अन् रोही (नीलगायी) रात्रभर उच्छाद मांडतात, माणसाचा आवाज चालू राहिला की डुकरं जरा दबकतात, अन् गाणे लावले तर मलेच झोप लागते, म्हणून दुकानदाराले म्हटलं की बाप्पा असं काही दे ज्यात एकच माणूस न थांबता बोलते. त्यानं हे काढून दिलं. डुकरांवर उपयोग होते. रोह्यांवर काडीचा होत नाही, ते स्पीकरच्या बाजूलेच उभे राहून चरतात.

बॅटरी झकास, सोलरवर दिवसभर ठेवला तर रात्र काढते. आवाज मोठा केला की फाटते. मागे जे म्युझिक घातलं आहे ते कायले घातलं काही समजत नाही, वाचणारा गंभीर बोलून राहिला अन् मागे टीव्ही सिरीयलच्या सासूसारखं ढॅण् ढॅण्. अन् बाईचं पात्र आलं की तोच माणूस बारीक आवाज काढते. हुल्दा नावाची संदेष्टी आहे, योशीया राजाच्या काळात देवळात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तर राजाचे मोठमोठे लोक तो घेऊन तिच्याकडे विचारायला गेले, एवढी मान्यतेची बाई, अन् तिले असा आवाज? मिर्याम, दबोरा यांचंही तेच केलं.

आता मुख्य मुद्दा, फोल्डर. जुन्या कराराचे, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागाचे, फोल्डर आहेत त्यात शेवटचा 'संदेष्टे', यशयापासून मलाखीपर्यंत. गावात ज्याले दाखवला तो पहिले हेच विचारते की यंदा पाऊस किती सांगते का याच्यात. आमच्याकडच्या लोकाले भविष्य म्हटलं की भेंडवळची घटमांडणी आठवते, तिकडे जळगाव जामोदकडे अक्षय तृतीयेले शेतात घट मांडतात अन् दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाणी, राजकारण सगळं सांगतात. हे तसं नाही. संदेष्टा पुढचं बोलते, नाही असं नाही, पण त्याचं मेन काम म्हणजे देवाचा निरोप आणून राजाच्या नाहीतर गावाच्या तोंडावर टाकणं, अन् तो निरोप बहुतेक आजच्या पापाचा असते. पुढचं काय ते 'सुधरले नाही तर' असं.

योनाचं पहा, फक्त चार अध्याय, पहिले तेच ऐका. निनवे शहरात जाऊन सांगते, चाळीस दिवसांत हे शहर उलथणार. लोक घाबरले, राजा राखेत बसला, उपास धरले, अन् देवानं शिक्षा मागे घेतली. भेंडवळच्या हिशोबानं अंदाज फेल. पण निरोपाचं काम झालं ना! योना मात्र रुसून बसते की मले खोटं पाडलं, ते ऐकून मी मचाणावर एकटाच हसलो.

आमच्या शेजारी रिटायर मास्तर आहेत, ते ख्रिस्ती, त्यांच्याकडे मी हे घेऊन बसतो. म्हटलं, "मास्तर, मंग खरा कोण अन् खोटा कोण कसं ओळखाचं?" ते म्हणे, "बायबलात 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे, त्यात दोन जागी कसोटी आहे. अठराव्या अध्यायात म्हणते की बोललेलं घडलं नाही तर तो देवाचा नाही, अन् तेराव्यात म्हणते की एखाद्याचा चमत्कार खरा झाला तरी तो दुसऱ्या देवामागे न्यायला लागला तर त्याचं ऐकू नका." म्हणजे अंदाज बरोबर निघाला एवढ्यावर पास होत नाही. हे मले लय आवडलं, आपल्याकडे एक अंदाज बरोबर निघाला की बुवाच्या दारात गाड्यांची रांग लागते.

राजे लोकाले तर गोड बोलणारेच पायजे असतात. अहाब राजाजवळ चारशेच्या आसपास संदेष्टे, सगळे म्हणे जा लढाईले, जिंकशील. मीखाया एकटा म्हणे, नाही. त्याच्या थोबाडीत बसली, भाकर-पाण्यावर कोठडीत टाकला, अन् राजा लढाईत मेला. याच अहाबले राजवाड्याजवळचा नाबोथाचा द्राक्षमळा पाहिजे होता, नाबोथ म्हणे वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही, तर राणी ईजबेलनं खोटे साक्षीदार उभे करून त्याले दगडांनी मारवलं. राजा मळा ताब्यात घ्यायला उतरला अन् तिथं एलीया संदेष्टा जाब विचारायला उभा. बांधावरून ज्याची भांडणं कोर्टात चालू आहेत त्यानं हा भाग ऐकाच. फक्त हा 'संदेष्टे' फोल्डरात सापडत नाही, तो 'इतिहास' फोल्डरात १ राजे अध्याय २१ ले आहे, अन् इथंच माझी पहिली तक्रार.

यहुदी लोकांच्या मांडणीत यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे ही पुस्तकं पण संदेष्ट्यांतच येतात, मास्तरांनी सांगितलं. त्यांचे तीन भाग: तोरा (नियमशास्त्र), नवीईम (संदेष्टे), कतुवीम (बाकीचे लेख). होशेयापासून मलाखीपर्यंतचे बारा ते एकच पुस्तक धरतात अन् दानीएल संदेष्ट्यांत नाही, तिसऱ्या भागात. ख्रिस्ती मांडणीत मलाखी शेवटी येते, त्यात एलीया परत येईल असं म्हणून जुना करार संपते, अन् पुढे नव्या कराराचं पहिलं पुस्तक मत्तय लावलं की तिसऱ्या अध्यायात उंटाच्या केसांचा झगा अन् कातडी पट्टा घातलेला बाप्तिस्मा देणारा योहान हजर, थेट एलीयाचा वेश. ऐकायला भारी वाटते, पण ही जुळणी ख्रिस्ती क्रमाची आहे हे सोबतच्या पुस्तिकेत एका ओळीत तरी लिहा ना. पुस्तिकेत असं दाखवलं की सगळे संदेष्टे येशूबद्दलच बोलले. ख्रिस्ती लोक तसं वाचतात, त्यांचा तो विश्वास आहे, येशूनं स्वतः नासरेथच्या सभास्थानात यशया वाचला अन् म्हणे हे आज पूर्ण झालं. पण यशया ५३ चा दुःख सोसणारा सेवक यहुदी बहुतेक इस्राएल लोकांनाच समजतात. मराठी बोलणारे यहुदी आपल्याच राज्यात आहेत, कोकणातले बेने इस्राएल, तेलाचा धंदा अन् शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्याले शनिवार तेली म्हणत, ते आजही एलीयाच्या नावानं मलिदा करतात. त्यांची बाजू दोन ओळीत आली असती तर काय बिघडलं असतं.

आता चांगलं. आमोस. तो स्वतः म्हणते मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा पोरगा नाही, गुरं राखणारा अन् उंबराच्या झाडांची निगा राखणारा. अन् हा माणूस बेथेलच्या देवळात जाऊन व्यापाऱ्याले धुते: माप लहान करता, काट्यात फसवता, गव्हाचं भुसकट विकता, गरिबाले जोड्याच्या भावात घेता. आठवा अध्याय मी जिनिंगवर कापसाची गाडी लावून रांगेत बसलो तिथं मोठ्यानं लावला. काट्यावरचा माणूस मान वर करून पाहे अन् परत खाली घाले. योएलची टोळधाड पण इकडच्या लोकाले समजावून सांगावी लागत नाही, २०२० च्या मे मध्ये मोर्शी-वरुडकडे संत्र्यावर टोळ उतरले ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

पण माझा माणूस यिर्मया. ५२ अध्याय आहेत, एका दमात होत नाही. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाचं जू मानेवर घ्या, म्हणजे त्याले शरण जा, नाहीतर मराल, हे सांगायला तो खरंच लाकडी जू मानेवर घालून फिरते. हनन्या नावाचा दुसरा येते, ते जू मोडते अन् म्हणते बाबेलनं नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल. लोकाले हनन्याच पाहिजे. यिर्मयाचा ग्रंथ यहोयाकीम राजापुढे वाचला तर त्यानं वाचलेली पानं चाकूनं कापून शेगडीत टाकली, यानं आपला लेखनिक बारूख याले बसवून परत लिहून घेतला, वरून जास्तीचं घातलं. एकदा त्याले चिखलाच्या हौदात टाकला, तर एबद-मलेख नावाच्या कुश देशाच्या माणसानं चिंध्या दिल्या, म्हणे काखेत लाव मग दोर बांध, नाहीतर दोर रुतेल. एवढं बारीक लिहून ठेवलेलं.

अन् अध्याय ३२. यरुशलेमेले बाबेलचा वेढा पडलेला, शहर पडणार हे यिर्मयाच इतके वर्ष सांगून राहिला, इसवीसनापूर्वी ५८६ च्या सुमारास पडलंच, अन् हा पहाऱ्यात अडकलेला असताना अनाथोथ गावचं शेत इसार नाही बिसार नाही, सरळ १७ शेकेल चांदी तोलून विकत घेते. चुलतभाऊ विकायला आला होता. साक्षीदार, सही, खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद एक उघडी, मातीच्या भांड्यात ठेवून टाकते, टिकावी म्हणून. सांगणं एवढंच की या देशात पुन्हा शेतं विकत घेतली जातील. सगळे पाहून राहिले की हा येडा झाला का. आमच्याकडे बोंडअळीच्या वर्षी जो तो विकायला निघाला होता, तेव्हा घेणाऱ्याले काय काय बोलले लोक ते मले माहीत आहे. हा अध्याय मी मागे घेऊन घेऊन ऐकतो.

मागे घ्यायचं बटन मात्र बकवास, एक दाबलं की पूर्ण अध्याय मागे जाते.

मोठी तक्रार: माझ्या कार्डात यहेज्केलचा ३३ वा अध्याय मधातच तुटते. नेमका तोच, ज्यात संदेष्ट्याले पहारेकरी म्हटलं आहे. तलवार येताना पाहून पहारेकऱ्यानं रणशिंग फुंकलं नाही तर मेलेल्याचा हिशोब त्याच्याजवळून घेतला जाईल, फुंकलं अन् लोक उठले नाही तर ज्याचा तो जबाबदार. जागलीवाल्याले याच्यापेक्षा सोपं काय सांगणार, अन् तेच मले मास्तरांच्या पुस्तकात पहावं लागलं. दुकानदार म्हणे कार्ड बदलून देतो, अजून देऊनच राहिला.

साडेसहाशेत घ्यायले हरकत नाही. दुकानातच यहेज्केल ३३ लावून पूर्ण ऐका मगच पैसे द्या. सुरुवात योनापासून करा, मग आमोस, यिर्मया नंतर. ओबद्या एकच अध्याय आहे, चहा होईस्तोवर संपते. चार्जर सोबत येत नाही, जुन्या मोबाइलचा बारीक पिनवाला चालते.