अँबेसेडरला अल्टरनेटर बसवला, नऊ महिने झाले

वडिलांची १९६८ची मार्क टू अजून रस्त्यावर आहे. लग्नसराईत रात्री भुसावळहून जळगावला येताना ट्रकच्या रांगेत थांबलो की हेडलाइट पिवळे पडायचे, एक्सिलेटर दाबला की परत उजळायचे. पुढच्या ट्रकवाल्याला वाटायचं मी डिपर मारतोय.

इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनामोचा स्वभावच तो. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) तो चार्ज करत नाही, कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा आपोआप चालणारा स्विच) सुटतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. ल्युकसचा जुना डायनामो पुरता पळाला तरी २२ अँपिअर देतो. मी हॅलोजन टाकलेले, म्हणजे अप्परला दोन बल्बच दहा अँपिअर खातात.

अल्टरनेटर तेच काम करतो, पण आयडलिंगलाही चार्ज करतो. आमच्या इलेक्ट्रिशियन चाचांनी डायनामोच्या जागी मारुती ८००चा जुना अल्टरनेटर नवे बेअरिंग-ब्रश टाकून दिला. ब्रॅकेट बनवलं, पुली लेथवर जुळवली. मजुरीसकट साडेसहा हजार. खरं काम वायरिंगचं होतं. माझ्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं होतं, या अल्टरनेटरला बॉडीला निगेटिव्ह लागतं, म्हणून ते उलटं करावं लागलं. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब जाड असतो, त्यामुळे जुने क्लँप बसेनात, तेही बदलले. इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल केल्या. "बॅटरी एकदा जरी उलटी लागली ना भाऊ, तर डायोड गेले समजा," असं चाचांनी तीनदा बजावलं. डायोड म्हणजे अल्टरनेटरमधले, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग. जुनी वायर अल्टरनेटरचा जास्त करंट झेपणारी नव्हती, म्हणून बॅटरीपर्यंत नवी जाड वायर ओढली.

आता आयडलिंगला मल्टिमीटर १४.१ व्होल्ट दाखवतो, लाइट आणि पंखा लावून १३.६. मे महिन्यात भर दुपारी बॉनेट तापलं की १३.४ पर्यंत उतरतो, पण त्याखाली अजून गेलेला नाही. आधी उभ्या गाडीत १२ च्या आत असायचं.

एकदाच फजिती झाली, चाळीसगावला. सकाळी स्टार्टर नुसता टक्-टक्. धक्का मारून चालू केली, चार्जिंग शून्य. अल्टरनेटर गेला म्हणून मी कपाळाला हात लावला. चाचांना फोन केला तर म्हणाले, "चावी फिरवल्यावर लाल दिवा लागतो का?" लागत नव्हता! डॅशमधला इवलासा बल्ब उडालेला. याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, दिवा नसला की अल्टरनेटर जागाच होत नाही. गावातच तसला बल्ब मिळाला, काम झालं. तेव्हापासून ग्लोव्हबॉक्समध्ये दोन जादा ठेवतो, आणि चावी फिरवली की आधी तो दिवा बघतो.

बॉनेट उघडलं की जुनं रूप गेलेलं दिसतं, याचं वडिलांना वाईट वाटतं. डायनामो गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, विकायचा नाही अशी त्यांची ताकीद आहे.