‘पिराजी’ हे नाव आले कुठून? नाशिकच्या नामावळ्यांची उपयुक्तता

घराण्यातील एखाद्या वेगळ्या नावाचा माग काढायचा असेल, तर नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नामावळ्यांइतके, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदवह्यांइतके, उपयोगी साधन मला दुसरे आढळले नाही. आमच्या वंशावळीत ‘पिराजी’ हे नाव एकाआड एक पिढीत येते आणि घरातील कोणालाही त्याचे कारण सांगता येत नव्हते. मोठ्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे अलीकडच्या पिराजींची चौकशी करून काहीच हाती लागत नाही. हे नाव घराण्यात ज्याला पहिल्यांदा ठेवले गेले, त्याच्यापर्यंतच जावे लागते.

या सेवेची रचना त्यासाठी फार सोयीची आहे. कोणत्या गावाच्या व आडनावाच्या वह्या कोणाकडे आहेत, हे रामकुंडाच्या परिसरात विचारले की समजते. यात्रेकरूने आपले नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे आणि गाव अशी नोंद करून खाली सही करायची, ही जुनी पद्धत असल्यामुळे एकेक नाव सुटे न सापडता नात्यांसह सापडते. आमच्या बाबतीत निर्णायक ठरली ती शके 1802 ची, म्हणजे इसवी सन 1880-81 मधील नोंद. तिच्यात राहते गाव आणि मूळ गाव वेगवेगळे लिहिले होते, आणि ज्या मूळ गावाचा घरात कोणी उल्लेखही करत नसे, तेथे आजही पिराचा उरूस भरतो. नवसाने झालेल्या मुलाला पिराचे नाव देण्याची चाल महाराष्ट्रात जुनीच आहे. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला केलेल्या नवसावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. अर्थात आमच्या पूर्वजांनी नवस केला होता असे वहीत कोठेही लिहिलेले नाही. वही नाव आणि गाव देते, कारण आपणच जुळवायचे असते, आणि ते जुळवताना फार उत्साही होऊ नये.

धोंडू, दगडू, केरू, भिकू या नावांचा शोध घेणाऱ्यांना नामावळीचा वेगळा उपयोग होईल. आधीची मुले दगावल्यावर, पुढच्याकडे मृत्यूचे लक्ष जाऊ नये म्हणून अशी नावे ठेवली जात. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे आणि धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे ती सुशिक्षित घरांतही परिचित आहेत. एकाच कुटुंबाच्या लागोपाठच्या दोन यात्रांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर पहिल्या नोंदीतील कोणती मुले दुसरीत नाहीत हे दिसते आणि पुढच्या मुलाच्या नावाचा उलगडा होण्याची शक्यता असते.

उणिवाही गंभीर आहेत. जुनी पाने मोडी लिपीत असल्यामुळे वाचणाऱ्यावर पूर्ण विसंबावे लागते. मी ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी नोंद झरझर वाचून दाखवली, पण छायाचित्र घेऊ दिले नाही. त्यामुळे मोडी जाणणारी व्यक्ती सोबत न्यावी, हे उत्तम. (कुणबी नोंदींच्या शोधामुळे 2023 पासून मोडी वाचकांना मागणी वाढली आहे, त्यामुळे आधीच ठरवून ठेवावे.) स्त्रियांच्या नावांबाबत तर ही सेवा अपुरीच आहे. लग्नात नाव बदलले की सासरच्या वहीत, नोंद झालीच तर, नवे नाव येते, आणि पाळण्यातले नाव शोधायला माहेरच्या गावाची वही उघडावी लागते. तेथेही मुलींची नावे अनेकदा गाळलेली असतात.

पर्याय म्हणून ‘फॅमिलीसर्च’ हे विनामूल्य संकेतस्थळ आहे आणि त्यावर हरिद्वारसह काही तीर्थक्षेत्रांच्या वह्यांच्या प्रतिमा आहेत. मात्र नाव टाकून शोधण्याऐवजी पानामागून पान चाळावे लागते, आणि समोर बसून ‘या गावाचे आणखी कोणी आहे का?’ असे विचारण्याची सोय तेथे नाही. नाशिकला ठरावीक शुल्क नसून दक्षिणा द्यायची असते. रक्कम आधी बोलून घेतलेली बरी. सिंहस्थाच्या गर्दीत मात्र या कामासाठी जाऊ नये, कारण वही निवांत उघडायला तेव्हा कोणालाच सवड नसते.